ते डिपेंड आहे

आष्टीत भाव विचारायला कुणी लाजत नाही आणि सांगायलाही. जेसीबीवाला तासावर बोलतो, रोटाव्हेटरवाला एकरावर, बोअरवाला फुटावर. कापूस वेचायला आलेली बाई किलोचा भाव ठरल्याशिवाय ओटी बांधत नाही. लग्नातला आचारी ताटावर बोलतो, फोटोवाला अल्बमच्या पानांवर. सलूनमध्ये तर भाव डोक्यावरच असतो. अशा या रोखठोक गावात एकच माणूस असा आहे, की त्याला "इंजिनेर, तुपला भाव काय?" असं विचारलं की तो आधी चष्मा काढतो, शर्टाच्या टोकाला पुसतो, उजेडात धरून बघतो, परत डोळ्यांवर चढवतो आणि म्हणतो,

"ते डिपेंड आहे."

विचारणारा थोडा वेळ थांबतो. पुढे काहीतरी आकडा येईल अशी त्याची समजूत असते. आकडा येत नाही. चहा येतो.

इंजिनेर आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मार्च २०२० मध्ये हिंजवडीहून एक लॅपटॉप आणि चार शर्ट घेऊन पंधरा दिवसांसाठी म्हणून आला, तो इथलाच झाला. कंपनीने परत बोलावलं तेव्हा शेतातली तूर शेंगांवर आली होती, असं कारण तो सांगतो. खरं कारण पुण्याचं घरभाडं होतं, असं त्याची बायको सांगते. तेव्हापासून तो घरी बसून प्रोग्रॅमिंगची कामं घेतो, काही परदेशातली, काही परतूर, माजलगाव, जालन्याची. सुरुवातीला गावाला वाटलं, पोरगा प्रिंटर दुरुस्त करतो. त्यामुळे पीएम किसानची केवायसी, दहावीचा निकाल, कुणाच्या मोबाईलमधून गायब झालेले बारशाचे फोटो, हे सगळं अजूनही त्याच्याच दारात येतं. त्याचे तो पैसे घेत नाही. "त्याचं काय घ्यायचं!" हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. या दोन वाक्यांत त्याचं सगळं अर्थशास्त्र संपतं.

असा माणूस आष्टीतच सापडतो असं नाही. तुमच्याही घरात एखादी शिकवणी घेणारी मावशी असेल, जी फीचं नाव काढलं की पोराच्या हस्ताक्षराबद्दल बोलायला लागते. एखादा मेहुणा असेल, जो लग्नाचे फोटो काढून देतो आणि "तुम्ही काय द्याल ते" म्हणून वर स्वतःच्या पेट्रोलने घरी जातो. इंजिनेर त्याच गोतातला. फरक एवढाच, की मावशीने आणि मेहुण्याने या विषयावर अभ्यास केलेला नाही. इंजिनेरने केला आहे. रात्र रात्र जागून केला आहे. कामाचे पैसे तासावर घ्यावेत की सगळ्या कामाचे मिळून उक्ते घ्यावेत, या एकाच प्रश्नावर त्याने जेवढे व्हिडिओ पाहिले, तेवढ्या वेळात दोन कामं उरकली असती.

परदेशी गिऱ्हाइकाला आपल्या गावाचं नाव सांगायची त्याला मोठी हौस. पण महाराष्ट्रात आष्ट्या ढिगाने. मोहोळ तालुक्यातली आष्टी, जिथे १८१८ मध्ये बापू गोखले लढाईत पडले. वर्धा जिल्ह्यातली आष्टी, जिने बेचाळीसच्या चळवळीत नाव काढलं. बीड जिल्ह्यातली आष्टी, जिथे २०२२ मध्ये अहमदनगरहून रेल्वे पोचली. आमची यातली कुठलीच नाही. आमची परतूर तालुक्यातली, आणि १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तोवर परतूर तालुकाच परभणी जिल्ह्यात होता. गावावरून शेगाव-पंढरपूरचा रस्ता जातो. रेल्वे धरायची तर परतूर गाठावं लागतं. एकदा इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाने नकाशा बघून गावात रेल्वे आल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं. इंजिनेरने ते मुकाट्याने घेतलं.

"खरं काय ते सांगायचं ना," मी म्हटलं.

"काका, सांगायला अर्धा तास गेला असता. आन् तो अर्धा तास बिलात धरायचा का न्हाई, ते परत डिपेंड."

त्याच्याकडे एक वही आहे. दुकानदार दिवाळीला पूजतात तसली, लाल कापडी बांधणीची, लांबोडकी. डावीकडच्या पानावर 'तास', उजवीकडच्या पानावर 'उक्तं'. सुचेल तसं तो तिच्यात लिहीत जातो. डावीकडे पहिली नोंद: 'फायदा – जेवढं काम तेवढे पैसे. तोटा – हळू काम करणारा श्रीमंत होतो.' उजवीकडे: 'फायदा – लवकर संपलं तर चांदी. तोटा – लवकर संपत नाही.' पुढची पानं याच दोन वाक्यांचा विस्तार. मधेच एका पानावर दुधाचा हिशेब आहे, आणि तो मात्र अचूक आहे.

तासावर काम घेतलं की इंजिनेरच्या अंगात हरिश्चंद्र संचारतो. मोबाईलवर घड्याळ लावून तो कामाला बसतो. तेवढ्यात माय ओसरीवरून हाक मारते, "आरं, जरा पोतं धर." घड्याळ बंद. लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू असतो, काम चालू असतं, तरी घड्याळ बंद. लाईट नसताना पैसे लावणं त्याला बरं वाटत नाही. चहा आला की बंद. शिंक आली की बंद करतो असं त्याची बायको सांगते, पण तो तिचा तिखटमीठ लावायचा स्वभाव असावा. सगळ्यात अवघड म्हणजे विचार करताना तो घड्याळ बंद ठेवतो. "बोटं हलत न्हाईत तर तास कशाचा लावायचा?" सकाळी नऊला बसलेला माणूस रात्री नऊला उठतो, आणि घड्याळात साडेचार तास.

एकदा कुठल्याशा ऑनलाईन दुकानाच्या बिलात कर दोनदा लागत होता. चूक काही केल्या सापडेना. दोन दिवस इंजिनेर जेवताना भाकरीकडे बघून नुसती मान हलवायचा. तिसऱ्या रात्री शेतातल्या लाईटची पाळी होती, म्हणून उसाला दारं धरायला गेला. पहाटे तीनच्या सुमाराला, हातात फावडं, पायाखाली चिखल, पाणी एका सरीतून दुसरीत वळवताना त्याला ती चूक दिसली. कर लावायचं काम दोन ठिकाणी होतं, एकमेकांना न विचारता. तो तसाच चिखलाच्या पायांनी घरी आला, एक ओळ खोडली, आणि पाच मिनिटांचं बिल लावलं.

हे कळल्यावर आण्णा, म्हणजे त्याचे वडील, ताटावरून उठायचे बाकी होते. "आन् शेतात गेल्तास तव्हा डोकं काय घरी ठिवून गेल्तास?"

आण्णा बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेला माणूस. पुढे तरुणपणी रोजगार हमीच्या कामावरही होते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. नाव रोजगाराचं, पण मजुरी खोदलेल्या खंतीच्या मापावर. "दिसभर उन्हात उभा राह्यला तरी सरकार टेप लावून बघायचं, किती खांदलं," आण्णा सांगतात. "तव्हा आम्ही म्हणायचो, आमचं उभं राह्यलेलं मोजा. आन् हे बेणं, मोजायला कुणी बसलं न्हाई तर सोताच सोताचं काटतंय."

परदेशी कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र मोजायला कोणीतरी बसलेलंच असतं. अपवर्क म्हणून जे आज प्रसिद्ध आहे, ते ईलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्या एक होऊन झालं; २०१५ पासून हे नाव. तिथे तासावर काम घेतलं तर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात केव्हातरी एकदा तुमच्या पडद्याचा फोटो निघतो, म्हणजे तासाला सहा. केव्हा निघेल ते सांगत नाहीत. हे इंजिनेरने घरात समजावून सांगितलं ती चूक झाली. पडद्याचा म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याचा, हे मायला पटेना. तेव्हापासून त्या खोलीत केर काढायला जाताना ती डोक्यावर पदर घेते आणि लॅपटॉपसमोरून वाकून जाते. इंजिनेर स्वतः भांग पाडून बसायला लागला. असाच एकदा पोळ्याच्या दिवशी भावकीच्या ग्रुपवर झूल घातलेल्या बैलाचा फोटो आला आणि नेमका त्याच क्षणी पडद्याचा फोटो निघाला. गिऱ्हाइकाने काही तक्रार केली नाही, उलट 'सुंदर गाय आहे' असं लिहिलं. पैसे बुडाले असते तर झालं नसतं एवढं दुःख इंजिनेरला त्या शब्दाने झालं.

मग तो चिडून उक्त्यावर जातो.

उक्त्याचं काम कसं ठरतं ते मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. परतूर रस्त्यावरच्या एका कृषी सेवा केंद्राचा मालक, वयाने मोठा, गावात मान असलेला. त्याला बी-बियाणं, खतं, औषधं यांचा साठा, बिलं आणि उधारी, सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. इंजिनेरने घरी बसून हिशेब केला होता, वहीत लिहिला होता, आरशासमोर म्हणूनही बघितला होता. चाळीस हजार.

"सगळं मिळून किती, एकदाच सांग," मालक म्हणाला.

"चाळीस," इंजिनेर म्हणाला, आणि खाली बघितलं.

मालक काहीच बोलला नाही. नुसता बघत राहिला.

"म्हणजे पस्तीसमध्येबी होईल."

मालक गप्प.

"तुम्ही घरचेच हाव. तीस द्या."

मालकाने हळूच मान वळवली, पायरीवरून खाली पिंक टाकली आणि मोकळ्या तोंडाने म्हणाला, "आरं, चाळीसला काय हरकत न्हवती. तोंडात तंबाखू व्हती." मग थोडं थांबून, "पर आता तीस म्हणलास तर तीस."

पुढचं काम बटणांचं. "तेवढं एक बटण टाकून दे," हे वाक्य ऐकलं की इंजिनेरच्या डाव्या डोळ्याची पापणी उडते. गिऱ्हाइकाच्या लेखी बटण म्हणजे शर्टाचं. सुई-दोरा घेतला की झालं. आधी उधारीचं बटण झालं. मग कापूस विकल्यावर वसुली करायची म्हणून सुगीचं बटण. मग व्याजाचं, मग व्याज माफ करायचं, मग ठरावीक पाहुण्यांनाच माफ करायचं. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर जायचं बटण. शेवटी मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि गिऱ्हाइकांच्या यादीतून पत्रिकांचे पत्ते छापायचं बटण आलं. "पैशाचं नंतर बघू" म्हणून राहिलेला शेवटचा हप्ता पेरणीच्या तोंडावर आला, पण रोख नाही; सोयाबीनच्या बियाणाच्या दोन बॅगा. माय खूष झाली. इंजिनेर बॅगांकडे बघत ओसरीवर बसून राहिला.

मी त्याला त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' वाचायला दिलं. १९१५ चं पुस्तक. सुताराने वर्षभर कुणब्याची औतं नीट ठेवायची आणि खळ्यावर धान्य घ्यायचं, ही बलुत्याची रीत त्यात नीट मांडली आहे. तू आता बलुतेदार झालास, असं म्हटलं. त्याने पुस्तक वाचलं, परत केलं आणि गंभीरपणे विचारलं, "काका, पर सुताराला तेवढं एक बटण टाक म्हणत होते का?"

उक्त्याची दुसरी खोट अंदाजात. चाळीस तास लागतील असं त्याला वाटतं. अनुभव सांगतो की अंदाज चुकतो, म्हणून तो साठ लिहितो. मग साठ वाचून आपण लुबाडतोय असं वाटून तीस करतो. लागतात नव्वद. यात एकट्या आष्टीची चूक नाही. डग्लस हॉफस्टॅटर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७९ मध्येच लिहून ठेवलंय, की वेळ अंदाजापेक्षा जास्त लागतो, आणि जास्त लागेल हे धरून अंदाज केला तरी त्याहून जास्त लागतो. त्याआधी १९७५ मध्ये फ्रेडरिक ब्रूक्सने सांगितलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. ब्रूक्स ऐरागैरा नव्हे. आयबीएमच्या ३६० यंत्रांची प्रणाली त्याच्या हाताखाली झाली होती. हे इंजिनेरने पारावर एका ऊसतोडीच्या मुकादमाला सांगितलं. मुकादम बराच वेळ विचारात पडला. त्याच्या धंद्यात दोन कोयते वाढवले की फड लवकर रिकामा होतो. "मंग तुमच्यात उचल कुणाच्या नावावर देतेत?" एवढंच त्याने विचारलं.

तास की उक्तं, या प्रश्नाचं उत्तर मायकडे आधीपासून होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी ती शेंगा निवडत बसली होती आणि इंजिनेर मला वहीतलं नवीन पान वाचून दाखवत होता. ती मधेच म्हणाली,

"खुरपायला बाया रोजानंच सांगाव्या. गुत्तं दिलं की वरवर खुरपतेत, मुळ्या तशाच ऱ्हातेत, चार दिसांनी तण परत वर. येचायला किलोवर. तिथं काटा हाय, लबाडी चालत न्हाई. सोयाबीन सोंगायला बॅगेवर गुत्तं, कारण आभाळ भरून आल्यालं असतंय आन् आपल्यालाबी घाई, बायांनाबी घाई."

एका बॅगेचं बियाणं जेवढ्या रानात पेरलं, तेवढं सोंगायचा अमुक भाव, असा आमच्याकडे सोयाबीनचा हिशेब. खुरपणीत कामाचा कस लगेच दिसत नाही, म्हणून वेळेचे पैसे; वेचणीत तो तराजूत दिसतो, म्हणून मालाचे. इंजिनेर थक्क झाला. अमेरिकेतल्या कुठल्याशा व्याख्यात्याने तासभर बोलून हेच सांगितलं होतं, आणि तेही जाहिराती दाखवून. त्याने लगेच वही उघडली. माय शेंगा निवडता निवडता म्हणाली,

"मंग तुपल्या कामात तण हाय का कापूस हाय?"

इंजिनेरने चष्मा काढला. पुसला. उजेडात धरला.

"ते डिपेंड आहे, माय."

मधे एकदा जालन्याच्या एका व्यापाऱ्याने त्याला महिन्याला बांधून घ्यायची तयारी दाखवली. दर महिन्याला ठरलेली रक्कम, लागेल ते काम. इंजिनेरला राग आला. "म्हंजे पाडव्यापासून सालगडी!" दोन दिवस तो ताठ मानेने हिंडला. तिसऱ्या दिवशी त्या रकमेला बाराने गुणून बघितलं आणि मान जरा खाली आली. तोवर व्यापाऱ्याने दुसरा माणूस ठेवला होता.

पण त्याच्या आयुष्यात खरी खळबळ उडवली ती विहिरीने. गेल्या उन्हाळ्यात आण्णांनी विहीर आणखी खोल घ्यायची ठरवली. बांधावर यारी उभी राहिली. विहिरीचा गुत्तेदार आला, दाढी वाढलेली, खिशात पेन नाही, कागद नाही. विहिरीच्या कडेला उकिडवा बसला, आत एक खडा टाकला, कानोसा घेतला आणि बोलला. मातीला परसाचा एक भाव. मुरमाला दुसरा. काळा पाषाण लागला तर तिसरा, सुरुंगाचा खर्च मालकाचा. पाणी लागलं आणि उपसावं लागलं तर मोटर आणि लाईट मालकाची. अर्धे पैसे आधी, बाकी दर परसाला. बोलणं संपलं, बिडी पेटली. सगळं मिळून एक बिडी पेटायच्या आत.

इंजिनेर त्याच्याकडे एखाद्या सिद्धपुरुषाकडे बघावं तसा बघत होता. "पर समजा मालक म्हणला, आमच्या रानात पाषाण न्हाईच?"

"समदेच म्हणतेत," गुत्तेदार म्हणाला. "आवो, जमिनीच्या पोटात काय हाय ते मला म्हाईत न्हाई, तुम्हालाबी न्हाई. मंग मी एकट्यानंच कामून मरावं?"

त्या रात्री इंजिनेरच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. इंग्लंडचं एक नवीन काम येऊ घातलं होतं, एका जुन्या ग्रंथालयाची सभासदांची यादी नव्या प्रणालीत हलवायची. इंजिनेरने दरपत्रक लिहिलं. सगळ्या कामाचे मिळून अमुक पौंड; प्रत्येक टप्प्याचे पैसे आधी बाजूला ठेवायचे; आणि शेवटी एक कलम, की आत न दिसणारा दगड लागला तर त्याचे पैसे तासावर, वेगळे. कलमाचं नाव त्याने इंग्रजीतच ठेवलं: रॉक क्लॉज. मी म्हटलं, शाब्बास. एवढा ठाम कागद त्याने जन्मात लिहिला नव्हता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सगळं मान्य. फक्त अतिशय नम्रपणे एक खुलासा: आमच्या यादीत दगड नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात दगड लागला. निम्म्या सभासदांच्या जन्मतारखा आधी दिवस, मग महिना अशा लिहिलेल्या, आणि निम्म्यांच्या उलट. पाच सात की सात पाच, ते कोण सांगणार? एकेक तारीख जुन्या कागदांशी ताडून बघावी लागली. कलम होतं, दगड होता, तासही यावेळी मोजलेले होते. आता फक्त मागायचं होतं. इंजिनेरने मागणीचं पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. पहिल्या ओळीत 'शक्य असल्यास' होतं. दुसरीत 'आपल्या सोयीने'. तिसरीत 'गैरसमज नसावा'. शेवटी 'नाही दिले तरी काम थांबणार नाही'.

"हे शेवटचं कामून लिवलंस?" आण्णांनी विचारलं.

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

टप्प्याचे पैसे बाजूला ठेवायची त्या संकेतस्थळांची रीत चांगली आहे. काम सादर केलं आणि गिऱ्हाईक चौदा दिवस काहीच बोललं नाही, तर पैसे आपोआप मोकळे होतात. इंजिनेर ते दिवस बोटांवर मोजतो. मायला या हिशेबाचं पहिल्यांदा फार वाईट वाटलं होतं. "तेरावं झाल्यावर देतेत व्हय पैसे?" तेव्हापासून त्या चौदा दिवसांत घरात गोडधोड करावं की नाही, असा तिला प्रश्न पडतो.

वर्षाअखेरीला तो जालन्याला सीएकडे जातो. जाताना वही नेतो. तिथेही त्याने विचारून घेतलं, की तासाचे पैसे आणि उक्त्याचे पैसे वेगवेगळे दाखवायचे का. सीएने वहीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४४ एडीए कलम त्याला समजावलं, की आलेल्या रकमेतला निम्मा नफा धरायचा आणि त्यावर कर भरायचा. कसे कमावले ते कोणी विचारत नाही. "सरकारला दोन्ही सारखेच," सीए म्हणाला. इंजिनेर फार निराश होऊन परत आला. एवढ्या मोठ्या सरकारने या प्रश्नावर काहीच भूमिका घेऊ नये, हे त्याला लागलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. हे सगळे विचार ज्या खोलीत चालतात, त्या खोलीत दोन टेबलं आहेत. एकावर लॅपटॉप, दुसऱ्यावर शिलाई मशीन. मशीन त्याच्या बायकोचं. भिंतीवर, बरोबर इंजिनेरच्या डोक्याच्या वर, एक पुठ्ठा टांगलाय. साधा ब्लाऊज, अस्तराचा ब्लाऊज, पायपिंग, लटकन, प्रत्येकापुढे आकडा. खाली लाल स्केचपेनने: 'अर्जंटचे जास्त पडतील. मापाचा ब्लाऊज आणल्याशिवाय शिवणार नाही. कापल्यानंतर डिझाईन बदलणार नाही.' हा पुठ्ठा ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिथे आहे. इंजिनेरने तो कधी वाचला असेल असं वाटत नाही. त्याची खुर्ची उलट्या तोंडाने आहे.

परवा सकाळी तो आंघोळीला गेला होता आणि फोन वाजला. परतूरच्या एका आडत दुकानदाराचा. त्याच्या बायकोने मशीनचा पाय न थांबवता फोन कानाला लावला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"हं. आडतीचं काय? हमाली, तोलाई, पट्टी, समदं पायजे का?... पंचावन्न हजार व्हतील... न्हाई, कमी न्हाई व्हायचं... निम्मे आधी... आन् तुमची जुनी खतावणी घेऊन या मापाला. त्याच्याबगर ते हात लावत न्हाईत... मधी काही बदलायचं म्हणलं तर वेगळे पडतेन... हं, या मंग चार वाजता."

मशीन पुन्हा खडखडायला लागलं. दुकानदार चार वाजता आला. पिशवीत जुनी खतावणी होती आणि पाकिटात साडेसत्तावीस हजार होते. इंजिनेरने पाकीट हातात घेतलं, वजन बघावं तसं दोनदा वरखाली केलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदाऐवजी जी काही काळजी पसरली ती मी गच्चीवरून बघितली.

दुकानदार गेला. मोटारसायकलचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत इंजिनेर दारात उभा होता. मग घरात आला, चष्मा पुसला, दुकानदाराला फोन लावला.

"काका," तो हळूच बोलायला लागला, "ते घरातून जरा जास्तच सांगितलं गेलं. तुम्ही पंचेचाळीस—"

मशीन थांबलं.